आधी काम, मग कसं

आमच्या घरी कुणी दार लावलं की मी मनातल्या मनात एक इंग्रजी वाक्य पुरं करते. मुलगा रागात असेल तर वाक्याच्या शेवटी 'अँग्रिली' येतं, नवरा उशिरा उठून ऑफिसला पळत असेल तर 'हरीडली'. नवरा कधीकधी विचारतो, "दार लागलं की तू अशी मान का हलवतेस?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. खरं सांगायचं तर त्याला आधी तोलाराम सर सांगावे लागतील आणि ते एका चहात सांगून होण्यासारखे नाहीत.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये, फर्निचरवाल्यांच्या रांगेत एका बराकीच्या टोकाला सरांचा टायपिंगचा क्लास होता. वर पत्रा, पुढे गंजलेलं शटर, आत सहा मशिनं आणि भिंतीवर सिंध्यांच्या झुलेलाल देवाची तसबीर. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, दहावीचा निकाल लागला त्याच महिन्यात मी तिथे नाव घातलं. आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहायचो, वडील कारखान्यात फिटर होते. अंबरनाथमध्येही टायपिंगचे क्लास होते, पण तोलाराम सरांकडची मुलगी परीक्षेत सहसा आपटत नाही, असा बोलबाला होता. म्हणून मी रोज सकाळी स्टेशनचा पूल ओलांडून पाऊण तास चालत जायची.

पहिल्या दिवशी मला वाटलं, मी चुकीच्या जागी आले. सहाही मशिनांवर मुली टकाटका टाइप करत होत्या आणि मास्तर त्यांच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर बसले होते. पांढरा पायजमा, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. निळं पेन त्यांनी वापरलेलं मी कधी पाहिलं नाही. बशीतून चहा पिता पिता ते मागे न बघता म्हणाले, "तीन नंबर, करंगळी सो गई है तेरी. जगाओ उसको."

तीन नंबरच्या मुलीने खरोखरच करंगळी सरळ केली.

"सर, तुम्ही बघत का नाही?" मी दुसऱ्याच दिवशी आगाऊपणे विचारलं.

"आँख से देखूँगा तो उँगली दिखेगी, पुट. उँगली तो सबकी एक जैसी." पुट म्हणजे बाळ. मुलगा असो की मुलगी, सरांना सगळे पुटच. "मशिन कान से चेक होता है. जिस दिन ये कान गए ना, उस दिन शटर नीचे. मैं खाली फोकट मास्टर बनकर नहीं बैठूँगा."

हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर निदान पन्नासदा म्हटलं असेल. आम्ही ते म्हाताऱ्या माणसाचं पालुपद म्हणून सोडून द्यायचो.

सरांच्या क्लासमध्ये गुण नव्हते. कागद पुरा झाला की तो त्यांच्या टेबलावर ठेवायचा. ते चुकांना गोल करायचे आणि वरच्या कोपऱ्यात लाल शाईने एक वाक्य लिहायचे. 'रेखा टाइप्ड नीटली.' 'शबनम टाइप्ड लेझिली.' त्यातला शेवटचा शब्द हेच आमचं प्रगतिपुस्तक. शाळेत बाईंनी क्रियाविशेषणाची व्याख्या पाठ करून घेतली होती. ती आम्ही परीक्षेत ओकून विसरलोही होतो. इथे मात्र रोज सकाळी एक शब्द आपल्या नावामागे लागायचा आणि दिवसभर सोबत राहायचा.

आमची सर्वांची एक ठरलेली चूक होती. इंग्रजी वाक्य करायला सांगितलं की आम्ही मराठीत विचार करायचो आणि 'कसं' आधी आणायचो. 'शी क्वायटली द डोअर ओपन्ड' असलं काहीतरी. सर कपाळावर हात मारायचे.

"तुम मराठी लोग बोलते हो, हळूच दार उघडलं. पहले हळूच! अरे, दरवाज़ा तो खोलो! अंग्रेज़ पहले काम करता है, फिर बताता है कैसे किया. शी ओपन्ड द डोअर, अब बोलो, क्वायटली. पहले काम, फिर कैसे."

"आणि सिंधी लोक?" रेखाने एकदा विचारलं.

"सिंधी दरवाज़ा खोलता ही नहीं, दुकान खोलता है," असं म्हणून ते स्वतःच इतके हसले की बशीतला चहा पायजम्यावर सांडला.

नोकरीच्या अर्जाचा सराव चालू असताना मी मोठ्या हौसेने लिहिलं होतं, 'आय वर्क हार्डली.' सरांनी तो कागद सगळ्यांना वाचून दाखवला. "ये लड़की सच बोलती है. बोलती है, मैं काम करती ही नहीं. इसको नौकरी कौन देगा?" मग माझं तोंड पडलेलं बघून त्यांनी समजावलं, "फास्ट को पूँछ लगती ही नहीं. हार्ड को लगाओ तो काटता है. याद रखना." गेली कित्येक वर्षं मी 'हार्ड'ला पूंछ लावलेली नाही.

पहिल्या महिन्यातली एक सकाळ मला फार आठवते. आदल्या दिवशी घरी वडिलांशी माझं कडाक्याचं भांडण झालं होतं. त्यांच्या कारखान्यात पॅकिंगला मुली घेत होते आणि वडिलांचं म्हणणं होतं की हे टकटक पुरे झालं, कामाला लाग. मी न जेवता झोपले होते. क्लासमध्ये कुणाला एक अक्षर बोलले नाही, उलट नेहमीपेक्षा हसून 'गुड मॉर्निंग सर' म्हटलं. पानभर टाइप करून कागद ठेवला. सरांनी चूक एकही काढली नाही. वर लिहिलं, 'शैला टाइप्ड अँग्रिली.'

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सरांनी का म्हणून विचारलं नाही. त्यांनी मला कोपऱ्यातल्या सहा नंबरवर बसवलं, एकच ओळ दिली आणि म्हणाले, "जब तक ये लाइन जेंटली नहीं आती, घर मत जाना." मी ती ओळ किती वेळा टाइप केली, कोण जाणे. शेजारी सुताराची करवत चालू होती, मुली येत होत्या, जात होत्या. केव्हातरी भिंतीकडून आवाज आला, "हाँ. अब जा." संध्याकाळी मी वडिलांशी शांतपणे बोलले आणि त्यांनी मला परीक्षेपर्यंतची मुदत दिली. मी पास झाले. पॅकिंगचा विषय पुन्हा घरात निघाला नाही.

पास झालेल्या मुलीला सर पेढा देत नसत, पापड देत. सिंध्यांच्या घरी कुणीही आलं की आधी पापड आणि पाणी पुढे येतं, तसं. कोपऱ्यातल्या स्टोव्हवर चिमट्यात धरून ते स्वतः पापड भाजायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा इंदूरला होता. त्या स्टोव्हवर चहा, पापड आणि दुपारची खिचडी एवढाच त्यांचा संसार. मला पापड देऊन ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "अब इसको क्वायटली खाकर दिखा."

मी ओठ मिटून, जिभेवर ठेवून, दाढेखाली हळूच दाबून बघितला. कर्रर्र! सगळ्या मुली खिदळल्या.

"नहीं होता ना? किसी से नहीं हुआ आज तक." सर जिंकल्यासारखे मागे रेलले. "कुछ काम का 'कैसे' उसके अंदर ही होता है. पापड को मत सिखाओ."

हा खेळ ते प्रत्येक पास झालेल्या मुलीशी खेळायचे आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच खेळत असल्यासारखे खूष व्हायचे.

पुढे मला अंबरनाथच्या एका ऑफिसात नोकरी लागली. पण ऑफिस दहाला सुरू व्हायचं आणि सरांना सकाळच्या बॅचला नवीन मुलींना बोटं शिकवायला कुणीतरी हवं होतं. मी सातला जायला लागले ते जातच राहिले. वडील म्हणायचे, हिला पगार ऑफिसात आणि जीव कॅम्प पाचात.

त्याच सुमाराला मंदा आली. बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावरची. पहाटे उठून एसटीने बदलापूर, तिथून गाडीने अंबरनाथ, मग चालत क्लास. घरी भातशेती होती. लावणीच्या दिवसांत ती पंधरा-पंधरा दिवस यायची नाही आणि आली की बोटांच्या पेरांना चिखलाने भेगा पडलेल्या असायच्या. टाइप असं करायची, की एका अक्षरानंतर दुसरं येईल की नाही याची आम्हाला काळजी वाटावी. सरांनी तिच्या कागदावर लिहिलं, 'मंदा टाइप्ड स्लोली.' ती रडवेली झाली.

"सर, माजी बोटां चालतच नाय. मी बंद करतंय."

"स्लोली गाली है क्या?" सर पाठमोरे असतानाच म्हणाले. "तेरा बाप चावल कैसे लगाता है? भागते भागते?"

"नाय सर. सावकास लावतो. आवनाचा एकेक रोप."

"और खेत पूरा होता है कि नहीं?"

"व्हतो ना."

"तो बाप के जैसा टाइप कर. स्पीड पीछे पीछे आएगी, कहाँ जाएगी?"

त्यानंतर मंदा आली की सर आधी तिच्या बापाची चौकशी करायचे. "तेरा सावकाश बाप कैसा है?" त्या माणसाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. एकदा त्याने मुलीबरोबर सरांना नव्या तांदळाची पुरचुंडी पाठवली, तर सरांनी उलट पापडांचा डबा धाडला. मंदा दुसऱ्या खेपेला पास झाली, एकही चूक न करता. तिला बदलापूरच्या एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात काम मिळालं. पुढे वरच्या परीक्षेसाठी ती पुन्हा क्लासला यायला लागली.

नव्वद साल उलटून गेलं होतं. बदलापूरला शेतं बुजवून इमारती उठत होत्या आणि स्टेशनजवळ एका काचेच्या खोलीत संगणकाचा क्लास निघाला होता. आमच्याकडे मुली कमी झाल्या. पण मला खटकलं ते दुसरंच. परीक्षेच्या सरावाच्या वेळी शेजारची करवत सुरू झाली की सर तरातरा उठून जायचे आणि ओरडायचे, "साईं, दस मिनट!" एका सकाळी करवत सुरू झाली, मुली वैतागून एकमेकींकडे बघायला लागल्या आणि सर भिंतीकडे तोंड करून निवांत चहा पीत राहिले. मी मनाची समजूत घातली, वय झालं, राग कमी झाला असेल.

मग एक मुलगी पास झाली. सरांनी पापड भाजला आणि नेहमीचा गंभीर चेहरा करून तो तिला क्वायटली खायला सांगितला. मुलीने कर्रकन चावा घेतला. आम्ही सगळ्या हसायला तयार होतो. सर तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"वाह! पहली बार! किसी ने पहली बार पापड क्वायटली खाया!"

कुणीच हसलं नाही. त्या मुलीच्या तोंडातला घास तसाच राहिला.

त्या दिवशी क्लास सुटल्यावर आम्ही चौघीजणी पुलावर थांबलो आणि ठरवलं की सरांना काही बोलायचं नाही. शटरचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. कान गेले हे त्यांना कळलं, की क्लास संपला. आणि क्लास संपला तर हा माणूस सकाळी उठून करणार काय? त्यानंतर आम्ही त्यांच्याशी समोर जाऊन, ओठ नीट हलवत बोलायला लागलो. मशिनाची घंटी बिघडली तर मी गुपचूप दुरुस्त करून आणायची. सर कागदावर शब्द लिहीतच होते, पण आता ते आठवणीतून येत होते. कुठली मुलगी पूर्वी कशी टाइप करायची, त्यावरून. आम्ही माना डोलवायचो. हे नाटक वर्षभर चाललं. मी त्यातली मुख्य होते आणि मला त्याचा अभिमानही होता, हे आज लिहायला लाज वाटते.

पावसाळा सरत आला होता. मंदा तीन आठवडे आली नव्हती. आम्ही म्हटलं, लावणी असेल, पण लावणीचे दिवस तर केव्हाच गेले होते. मग एका सकाळी ती आली, कुणाशी न बोलता चार नंबरवर बसली आणि टाइप करायला लागली. मी दोन मशिनं सोडून होते. ती एक शब्द मारायची आणि थांबायची. कॅरेज ओढायला हात वर जायचा तो तिथेच राहायचा. ज्याला कान होते त्याला कळलं असतं. तिने कागद सरांच्या टेबलावर ठेवला आणि तिथेच उभी राहिली. इतर वेळी ती कधी अशी उभी राहत नसे.

सरांनी लिहिलं, 'मंदा टाइप्ड चिअरफुली.' आणि मायेने विचारलं, "तेरा सावकाश बाप कैसा है?"

मंदा कागद घेऊन बाहेर गेली. मी मागोमाग गेले. ती सुताराच्या फळ्यांना टेकून उभी होती.

"बाबा गेला माजा," ती म्हणाली. "शेतावर गेल्ता, तिथंच बसला. मी हापिसात पन कोनाला सांगितला नाय. म्हटला, सरांपाशी जाव. मना सांगाया लागनार नाय. सर आयकतील."

मी तिच्या शेजारी फळ्यांना टेकले.

"सरांना पन आयकू आला नाय, ताई," ती म्हणाली आणि मग तिला हुंदका आवरला नाही.

दुसऱ्या दिवशी मी साडेसहालाच क्लासवर गेले. सर शटर उघडून स्टोव्हला पंप मारत होते. मी सहा नंबरवर बसले आणि त्यांना पत्र टाइप करायला घेतलं. तोंडाने सांगण्याची माझी छाती नव्हती आणि ओरडून सांगण्याची ती गोष्ट नव्हती. चार कागद फाडले. इंग्रजीत लिहिलं, कारण त्यांच्यापुढे दुसऱ्या भाषेत टाइप केलेला कागद मी कधी ठेवलाच नव्हता. मंदाचे वडील वारले. काल ती खूप दुःखात टाइप करत होती. तुम्हाला ते ऐकू आलं नाही. वर्षभर तुम्हाला आमचं काहीच ऐकू येत नाही. आम्ही ते तुमच्यापासून लपवलं, कारण आम्हाला तुम्ही हवे आहात. एवढंच. सहा ओळी असतील.

कागद टेबलावर ठेवून मी शिकत असताना राहायची तशी हात बांधून उभी राहिले. सरांनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. मग सवयीने खिशातलं लाल पेन काढलं. माझ्या घाईत 'सॅडली' क्रियापदाच्या आधी पडलं होतं. त्यांनी त्याला गोल केला, बाण काढला आणि तो शब्द वाक्याच्या शेवटी नेऊन ठेवला. पेन थोडा वेळ हवेत राहिलं. मग त्यांनी वरच्या कोपऱ्यात लिहिलं, 'शैला टाइप्ड जेंटली.'

या वेळी त्यांना काहीही ऐकू आलेलं नव्हतं. मी ढसाढसा रडले.

"कानाचं यंत्र मिळतं, सर," मी त्यांच्यासमोर बसून, ओठ हलवून म्हटलं. "कल्याणला मिळतं. मी आणते."

"मशिन लगाकर मशिन सुनूँ?" ते हसले. मग खुर्चीला हात घालून त्यांनी ती उचलली, भिंतीकडचं तिचं तोंड फिरवलं आणि आमच्याकडे तोंड करून बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मंदा आली तेव्हा त्यांनी तिच्यासाठी पापड भाजला, पाण्याचा पेला भरला आणि समोर बसवून म्हणाले, "कल मैंने गलत लिखा. अब तू बता, पुट. पहले काम बता, क्या हुआ. फिर बता, कैसे." मंदा अर्धा तास बोलत होती. आवण, बांध, बाबाची टोपी, सगळं. सर तिच्या ओठांवरची नजर हलू देत नव्हते. बाकीच्या मुलींनी मशिनं थांबवली होती.

परीक्षा महिन्याभरावर होती. तेवढा महिना सर आमच्याकडे तोंड करून बसले. कागदावर चुकांना गोल करत, पण वरचं वाक्य अर्धंच लिहीत आणि शेवटचा शब्द आम्हाला भरायला सांगत. आम्ही खरं तेच भरायचो. त्या महिन्यात आम्ही एकमेकींविषयी जेवढं समजलो तेवढं आधीच्या वर्षांत समजलो नव्हतो. आम्हाला वेडी आशा होती की असंच चालू राहील.

परीक्षा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी इंदूरहून मुलगा आला. मशिनं एका टेम्पोत चढली. मला सर म्हणाले, सहा नंबर तू ठेव, पण आमच्या बुवापाड्याच्या दोन खोल्यांत ते ठेवायचं कुठे? मी नको म्हटलं. इतक्या वर्षांत यासारखी दुसरी चूक मी केली नाही. आज माझ्या घरात जागाच जागा आहे.

शटर ओढायचं राहिलं होतं. ते शटर म्हणजे कॅम्प पाचचं घड्याळ होतं. सर रोज दुपारी लोखंडी आकडा अडकवून ते असं खाली आपटायचे की समोरचा चहावाला दचकायचा. त्या दिवशी त्यांनी आकडा बाजूला ठेवला. दोन्ही तळवे शटरला लावले आणि ते वीतवीत खाली आणायला लागले. मध्ये थांबायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा एक वीत. मुलगा मदतीला पुढे झाला, त्याला त्यांनी मानेनेच नको म्हटलं. शेजारचा सुतार करवत थांबवून बाहेर येऊन उभा राहिला. मंदा माझा हात धरून होती.

शटर जमिनीला टेकलं. सर वाकलेलेच, मागे वळून माझ्याकडे बघत म्हणाले, "आवाज़ हुआ?"

वर्षभर मी त्यांच्याशी खोटं वागले होते. शेवटच्या वितीला शटर जरासं करकरलं होतं. मी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं, एवढासा.

"पापड जितना?"

"पापडापेक्षा कमी, सर."

ते समाधानाने हसले, गुडघ्यावर हात देऊन सरळ झाले, खिशातलं लाल पेन काढून मला दिलं आणि मुलाच्या मागोमाग रिक्षात जाऊन बसले.